तुम्ही विचारलंत म्हणून: ती गोळी मी अजून का घेते

अमळनेरात लग्नाच्या मांडवात भेटा नाहीतर दवाखान्याच्या बाकावर, नात्यातली एखादी बाई विचारतेच, "ती कॅन्सरनी गोई शे ना व? इतलं व्हयनं तरी बी खास का?" म्हणजे, एवढं झालं तरी ती गोळी अजून खातेस का? दर वेळी दोन वाक्यांत उरकते आणि घरी येऊन चिडचिड करते. एकदा नीट सांगते.

हो, तीच गोळी. मेथोट्रेक्सेट. मला कॅन्सर नाही, आमवात आहे. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर जे औषध वापरलं, त्याची ही सख्खी बहीण. आणि ते ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथलं संशोधन आपल्या आंध्रातल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालायचं. तेव्हा 'केमोची गोळी' हे खोटं नाही. पण कॅन्सरच्या काही प्रकारांत ती शिरेतून ग्रॅमच्या हिशेबात देतात. आमवातात आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही एकाच ठरलेल्या वारी. सगळा जीव त्या 'आठवड्याला'मध्ये आहे, आणि माझ्या बाबतीत नेमकं तेच सुटलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं. ओपीडीत गर्दी होती, तोंडी कुणी काही सांगितलं नाही. औषधाच्या दुकानात पाकिटावर निळ्या पेनाने लिहून मिळालं: 'रात्री १'. बस, एवढंच. १० मिलिग्रॅमची ती गोळी मी रोज रात्री जेवणानंतर घेत राहिले.

मे महिना होता. तोंड आलं तेव्हा सगळ्यांनी उष्णताच म्हटलं. खान्देशातल्या मे महिन्यात दुसरं काय म्हणणार? जाऊबाईंनी तूप लावलं, शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमध दिलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ताकाचा घोट आगीसारखा लागायचा. भाकरी राहू द्या, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. ताप चढला तशी मुलाने जळगावला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतली, ते पाकीट हातात धरलं आणि विचारलं, "मावशी, ही रोज घेताय?" मी म्हटलं, "रोजच. लिहिलंय ना." ते काही बोलले नाहीत, वळून सिस्टरला हाक मारली. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या, प्लेटलेटही. ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं सुरू झाली. पेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागतं, मेथोट्रेक्सेट त्याचीच वाट अडवतं. तोंडाची आतली त्वचा, आतडी, हाडांतला मगज, जिथे पेशी भराभर वाढतात तिथे आधी मार बसतो. ल्युकोव्होरिन ती वाट वळसा घालून उघडतं. हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की मुलगा बाहेरच्या कठड्याला टेकून उभा आहे आणि आत येत नाही.

घरी आल्यावर मी ठरवलं की मेले तरी ती गोळी पुन्हा तोंडात घालणार नाही. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बाईला मी आजही चूक म्हणणार नाही. जे तिने भोगलं त्यावरून तिने ठरवलं. पण तिला सांगावंसं वाटतं, बाई, तुझ्यावर उलटलं ते रोज घेणं, आणि तू शपथ घेतलीस औषधच सोडायची. ती उलट विचारते, पुन्हा कुणी पाकिटावर अर्धंच लिहिलं तर? याला माझ्याकडे उत्तर नाही.

थंडीत आमवात परतला. सकाळी वेणी घालता येईना. कळण्याची भाकरी थापायला बसले तर बोटं उघडेनात, सूनबाईने परात हातातून काढून घेतली. आमवातावर तुम्ही सांगता त्या गावठी औषधाच्या पुड्याही माहीत आहेत मला. तसल्या कितीतरी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. आधी रक्त, लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे, सगळं पाहिलं. किडनी मंद असली तर हेच औषध अंगात साठतं म्हणे. आता माझा गुरुवार ठरलाय. पाकिटावर 'फक्त गुरुवारी' असं दुकानदाराकडून माझ्यासमोर लिहून घेते, त्याला राग आला तरी. फॉलिक ॲसिड त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. गुण यायला दीड-दोन महिने गेले. शुक्रवारी मळमळतं, केस विरळ झालेत, ते लपवत नाही. लघवीच्या जळजळीवर कुणी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं तर आधी या गोळीचं नाव सांगते, कारण दोन्ही मिळून पेशी पुन्हा पाडू शकतात. आणि ज्या पोरीबाळींना मूल हवंय त्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या गोळीला हात लावू नये, गर्भाला ती घातक आहे.

भीती गेली का, तर नाही. रिपोर्टचं पाकीट अजून मुलालाच उघडायला लावते. मागच्या वेळी लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढलेलं निघालं म्हणून डोस कमी झाला, आणि बोटं सकाळी पुन्हा आखडायला लागली. आता डोस वाढवायचा, इंजेक्शन घ्यायचं की औषधच बदलायचं, ते पुढच्या तपासणीनंतर डॉक्टर सांगतील. तोवर दर गुरुवारी घेते आहे.