प्राग, मे २०२४: आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत तीन दिवस

"ताई, फायनलचं विसर. आपण ऑस्ट्रियाच्या मॅच बघू," असं धाकटा भाऊ फोनवर म्हणाला तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. एवढा व्हिसा काढायचा, विमानाचे पैसे भरायचे, आणि बघायचं काय, तर ऑस्ट्रिया? तो ड्रेस्डेनला शिकतो. तिथून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत येतं. हॉकीचं वेड त्याला तिथेच लागलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं: यजमान देशाची तिकिटं आधीच संपलीत, जी आहेत ती आपल्याला परवडणारी नाहीत, आणि लहान देशाच्या मागे आलेली माणसं बघण्यासारखी असतात. तीन दिवसांनी मी परतले तेव्हा त्याचं शब्दन् शब्द पटलं होतं. तुमच्यापैकी कोणी पुढच्या एखाद्या स्पर्धेला जाणार असेल तर माझंही सांगणं तेच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०२४ची स्पर्धा १० ते २६ मे अशी चेकियामध्ये, म्हणजे चेक प्रजासत्ताकात होती. एक गट प्रागला, दुसरा ऑस्ट्रावाला. प्रागच्या गटात चेकिया, कॅनडा, स्वित्झर्लंड, फिनलंड, ऑस्ट्रिया, नॉर्वे, डेन्मार्क आणि ब्रिटन. ऑस्ट्रावाला अमेरिका, स्वीडन, स्लोव्हाकिया आणि बाकीचे. तिकडे पोलंडही होता, तब्बल २२ वर्षांनी सर्वांत वरच्या श्रेणीत परतलेला, आणि पोलंडची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर. आम्हाला ऑस्ट्रावाला जायला जमलं नाही. वेळ असेल तर तुम्ही जा, प्रागहून रेल्वेने तीन-साडेतीन तास लागतात.

विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीची गरज नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लाविन स्टेशनला सोडते. तिथून मेट्रोची हिरवी ए लाइन, मूस्तेकला उतरून पिवळी बी लाइन, की थेट चेस्कोमोराव्स्का. सामने जिथे होते ती ओटू अरेना त्या स्टेशनच्या बाहेरच आहे. आम्ही गेलो तेव्हा ९० मिनिटांचं तिकीट ४० कोरुनांना (कोरुना हे तिथलं चलन) होतं, नंतर भाव वाढले आहेत. कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायला विसरू नका. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. पैसे बदलतानाही सावध राहा. पर्यटकांच्या रस्त्यांवर "कमिशन नाही" अशा पाट्या दिसतात आणि दर मात्र भलताच असतो. मी पहिल्याच दिवशी फसले. सुदैवाने तिथला कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे: छोट्या रकमेचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती घेऊन परत गेले, पैसे मिळाले. पावती जपून ठेवा.

१४ मे, मंगळवार. ऑस्ट्रिया विरुद्ध कॅनडा. आमच्या जागा वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात होत्या. मी हळहळले, पण भावाने मुद्दामच त्या घेतल्या होत्या. खाली काचेला लागून बसलं की खेळाडू अंगावर आल्यासारखे वाटतात, पण आपल्या बाजूच्या कठड्याशी काय चाललंय ते दिसत नाही. वरून सगळा बर्फ एका नजरेत येतो. पहिली पाच मिनिटं मला पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबराची काळी चकती, सापडतच नव्हता. "ताई, पक शोधू नकोस. माणसं कुठे वळतात ते बघ, पक तिथेच असतो," असं तो म्हणाला, आणि खरंच खेळ दिसायला लागला. नवख्या माणसाला याहून चांगला सल्ला मी देऊ शकत नाही.

तीनपैकी दोन पिरियड संपले तेव्हा कॅनडा ६, ऑस्ट्रिया १. आमच्या पुढच्या रांगेत लाल-पांढरा मफलर घातलेले एक आजोबा आणि त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू होता. मध्यंतरात आजोबा उठले, कोट घातला. नातू हलेना. त्याने दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून ठेवली होती. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण आजोबा पुन्हा बसले, कोटासकट.

तिसऱ्या पिरियडमध्ये ऑस्ट्रियाचा दुसरा गोल झाला तेव्हा टाळ्या पडल्या त्या पाहुण्याचं मन राखायला पडतात तशा. तिसऱ्याला ऑस्ट्रियाचे लोक उभे राहिले. चौथ्याला आमच्या आजूबाजूचे चेक लोक उभे राहिले. त्यांचा या सामन्याशी काही संबंध नव्हता, कित्येकांच्या अंगावर चेकियाची जर्सी होती. पाचव्यानंतर मैदानभर एकच आवाज: "इमर वीडर, इमर वीडर, इमर वीडर ओस्टराइख!" पुन्हा पुन्हा ऑस्ट्रिया, एवढाच त्याचा अर्थ. शब्द न येणारे आम्हीसुद्धा ओरडत होतो. आणि शेवटचं मिनिट सुरू असताना मार्को रॉसीने सहावा मारला. ६–६.

त्या क्षणी मी बर्फाकडे बघतच नव्हते. मी आजोबांकडे बघत होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी नातवाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या केसांत तोंड लपवलं. मागे बसलेलं एक कॅनडाचं जोडपं तोंडावर हात ठेवून उभं होतं, आणि त्या बाई हसत होत्या, रडल्यासारख्या.

जादा वेळात गोलरक्षक सोडून दोन्हीकडचे फक्त तीन-तीन खेळाडू उतरतात, त्यामुळे बर्फ रिकामा रिकामा वाटतो आणि निकाल झटकन लागतो. कॅनडाचा कर्णधार जॉन टव्हॅरेस याने काही सेकंदांतच गोल केला. ७–६. ऑस्ट्रिया हरली, तरी एक गुण मिळाला, कारण साठ मिनिटांत बरोबरी झाली की हरणाऱ्यालाही एक गुण देतात. पूर्ण वेळेत जिंकलं तर तीन, जादा वेळेत किंवा पेनल्टी शूटआउटवर जिंकलं तर दोन. हे गणित आधी समजून घ्या, नाहीतर हरलेली माणसं मिठ्या का मारतायत ते कळणार नाही.

सामना संपला की लगेच उठू नका. दोन्ही संघ आपापल्या निळ्या रेषेवर उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचा झेंडा वर चढवून राष्ट्रगीत वाजवतात. गटातल्या प्रत्येक सामन्यानंतर हे होतं. तोवर ओरडणारे लोक एकदम गप्प उभे राहतात. कॅनडाचं राष्ट्रगीत चालू असताना आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

बाकीच्या बारीक गोष्टी पटापट सांगते. बॅग जितकी छोटी तितकं बरं, दारावर तपासणी होते. आत बर्फ असला तरी कुडकुडायला होत नाही, पण पातळ जॅकेट असू द्या. खेळ सुरू असताना जागेवरून उठू नका, शिट्टीची वाट बघा. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज किंवा लांगोश शोधा, बाकी सगळीकडे सॉसेजच. लांगोश म्हणजे लसूण आणि चीज लावलेली तळलेली मोठी पुरी म्हणा. स्वच्छतागृहाच्या रांगा मध्यंतरात फार लांब असतात. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यानंतर रात्रीच्या ट्राम असतात आणि त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकत्र येतात. तेवढं एक नाव लक्षात ठेवलं की माणूस हरवत नाही.

दुसऱ्या दिवशी, १५ मेला, चेकिया विरुद्ध स्वित्झर्लंड. तिकीट नव्हतंच. भावाने झिझकोव भागातल्या एका होस्पोदामध्ये, म्हणजे तिथल्या बिअरच्या खानावळीत, टेबल राखून ठेवलं होतं. हॉकीच्या दिवशी हे करावंच लागतं. आम्ही पोचलो तेव्हा प्रत्येक टेबलावर नावाची चिठ्ठी होती आणि दारातून माणसं परत जात होती. वेटर कागदाच्या पट्टीवर प्रत्येक बिअरमागे एक रेघ मारून जातो, शेवटी रेघा मोजून बिल. ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. अर्ध्या लिटरला आम्ही ६० कोरुनांच्या आसपास मोजले.

आमच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ६८ नंबरची जर्सी घातलेले एक वयस्कर गृहस्थ नातीबरोबर बसले होते. ६८ म्हणजे चेक हॉकीतला गाजलेला खेळाडू यारोमीर यागर, एवढं मला माहीत होतं. त्याने तो आकडा १९६८च्या आठवणीसाठी घेतला, हे मला त्या नातीने सांगितलं. आजोबा चेकमध्ये बोलत आणि ती इंग्रजीत सांगत होती. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. पुढच्या मार्चमध्ये स्टॉकहोमला जागतिक स्पर्धा झाली आणि तिथे चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं, २–० आणि मग ४–३. दुसऱ्या विजयाच्या रात्री सगळं शहर व्हात्स्लाव चौकात उतरलं. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते, आणि त्या गर्दीत होते. लोकांची घोषणा त्यांनी चेकमध्ये म्हणून दाखवली, यमक जुळलेली: तुम्ही आम्हाला रणगाडे, आम्ही तुम्हाला गोल. त्या रात्री एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीचं कार्यालय फोडलं गेलं, आणि तेच निमित्त होऊन पुढच्या महिन्यात देशाचे सुधारणावादी नेते दुब्चेक यांना पद सोडावं लागलं. "आनंदाची किंमत वीस वर्षं मोजली," असं काहीसं ते म्हणाले, आणि मग हाताने झटकून टाकल्यासारखं करून १९९८च्या नागानोकडे वळले. प्रागमध्ये पहाट होती, जुन्या शहराच्या चौकात लोक थंडीत उभे राहून ऑलिंपिकचा अंतिम सामना बघत होते, रशियावर १–० असा विजय, आणि गोलरक्षक डॉमिनिक हाशेकला राष्ट्राध्यक्ष करा म्हणून "हाशेक ना ह्राद" अशा घोषणा. ह्राद म्हणजे किल्ला, राष्ट्राध्यक्ष तिथेच बसतात. हे सांगताना त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

सामना १–१ असा अडकला. चेकियाच्या प्रत्येक चढाईला सगळी खोली अर्धवट उठायची आणि परत बसायची. एकदा सगळे उड्या मारायला लागले: "क्दो नेस्काचे, नेनी चेख! हॉप हॉप हॉप!" जो उडी मारत नाही तो चेक नाही. नातीने मला हाताला धरून उठवलं, तेव्हा मीही मारल्या. आजोबांनी बसल्या जागी टाचा उचलल्या. शूटआउटमध्ये मात्र स्वित्झर्लंड जिंकलं. मला वाटलं आता शिव्याशाप होतील. काहीच झालं नाही. लोकांनी पट्ट्यांवरच्या रेघा मोजल्या, पैसे दिले, कोट चढवले. कोपऱ्यात दोन स्विस मुलं गळ्यातली गाईची घंटा हाताने दाबून, आवाज होऊ न देता बसली होती. त्यांच्या टेबलावर कोणीतरी दोन ग्लास पाठवले, मग त्यांनी घंटा एकदाच वाजवली, आणि सगळे हसले.

निघताना आजोबांनी वेटरला बोलावून काहीतरी लिहायला लावलं. नात म्हणाली, "ते २६ तारखेचं टेबल राखून ठेवतायत. फायनलचं. तुमच्या भावाचंही नाव घालू का, विचारतायत." नुकतेच हरले होते हे लोक. भावाने हो म्हटलं.

१६ तारखेला पुन्हा ऑस्ट्रिया, या वेळी फिनलंडविरुद्ध. या सामन्याबद्दल फार लिहिता येणार नाही, कारण तो सगळा शेवटच्या क्षणात मावतो. २–२. जादा वेळ होणार म्हणून अर्धे लोक उठून पायऱ्यांवर आले होते. बेन्यामिन बाउमगार्टनरने गोल केला तेव्हा घड्याळात ०.२ सेकंद उरले होते. सगळ्यांनी आधी बर्फावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग शेजाऱ्याकडे, आणि मग आवाज झाला. पायऱ्यांवरचे लोक पायऱ्यांवरच एकमेकांच्या गळ्यात पडले. फिनलंडचे पाठीराखे निळ्या-पांढऱ्या झेंड्यांत गुंडाळून बसून राहिले, बराच वेळ. म्हणून शेवटच्या शिट्टीपर्यंत जागा सोडू नका, हे कळकळीने सांगते.

पुढच्या स्पर्धांची ठिकाणं सांगायची तर २०२६ची स्वित्झर्लंडला झ्युरिक आणि फ्रिबुर्गमध्ये, २०२७ची जर्मनीत. तारखा हल्ली बहुतेक मेमध्येच पडतात. शेंगेन व्हिसाची वेळ खूप आधी घ्या, आणि हॉटेल तिकिटांच्या आधी पक्कं करा. यजमान संघाच्या सामन्यांच्या दिवशी शहरात खोल्या मिळत नाहीत, पण ऑस्ट्रियासारख्या संघाच्या सामन्यांना शेवटच्या आठवड्यातही जागा मिळाल्या आहेत.

२६ मेला मी घरी परतले होते. फायनल त्याच दोन संघांत झाली, चेकिया आणि स्वित्झर्लंड. तिसऱ्या पिरियडपर्यंत ०–०. मग दावीद पास्त्रन्याकने गोल केला, आणि शेवटी, स्विस गोलरक्षक बाहेर गेलेला असताना, रिकाम्या जाळीत काम्फने दुसरा. २–०, चेकियाचं २०१०नंतरचं पहिलं सुवर्ण. स्पर्धेला एकूण ७,९७,७२७ प्रेक्षक आले, आजवरचा विक्रम. हे आकडे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री भावाचा फोन आला तो झिझकोवच्या त्याच टेबलावरून. तो काय बोलतोय ते अजिबात ऐकू येत नव्हतं, नुसतं "हॉप हॉप हॉप" आणि लाकडी जमिनीवर आपटणारे पाय. मग फोन कोणाच्यातरी हातात गेला आणि एक म्हातारा आवाज चेकमध्ये काहीतरी बराच वेळ सांगत राहिला. एक शब्दही कळला नाही. मी फोन कानाला धरून शेवटपर्यंत ऐकलं.