आमची वाटचाल : धंतोलीतली खोली आणि मानेची धमनी

२०१४ च्या दिवाळीनंतर नागपूरच्या धंतोलीत एका औषधाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन मी आणि माझा भागीदार मित्र बसलो. मी मेकॅनिकलचा, पंप-पाइपलाइनमधला माणूस, तो सॉफ्टवेअरचा. पेशंटच्या सीटी अँजिओवरून (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनवरून) कॅरोटिडचा, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचा, फाटा कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्याच पेशंटच्या डॉपलरवर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर) मोजलेला प्रवाह त्यात सोडायचा आणि रक्त कुठे धावतं, कुठे रेंगाळतं, भिंतीला किती घासतं ते आकड्यांत द्यायचं, हे आमचं काम. निदान डॉक्टरांचं, आकडे आमचे.

घरचे म्हणाले, हे करायला मुंबईला जा. पण गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, पार बालाघाट-छिंदवाड्याचा पेशंट धंतोली-रामदासपेठेतच उतरतो. आम्ही इथेच राहिलो.

पहिले ग्राहक रामदासपेठेतले एक ज्येष्ठ न्यूरोसर्जन. आमचं लाल-निळं चित्र त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "आत सोडलेला प्रवाह याच पेशंटचा आहे की पुस्तकातला?"

पुस्तकातला होता.

"मग हे पुस्तकाचं चित्र झालं. पेशंटचं घेऊन या."

तीन आठवड्यांनी घेऊन गेलो. तेव्हापासून त्यांच्याकडून काम आलं नाही असा महिना गेलेला नाही.

त्यांच्या त्या प्रश्नातूनच आमचं 'टेबल' उभं राहिलं. सिलिकॉनमध्ये ओतलेला धमनीचा फाटा, खाली गिअर पंप, आणि रक्ताऐवजी वजनानं ४० भाग ग्लिसरीन, ६० भाग पाणी. सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाचं गणित सोडवणारा आमचा प्रोग्रॅम, जे सांगतो ते या नळीत खरं उतरतं का, हे मेजरिंग सिलिंडर आणि स्टॉपवॉच घेऊन तपासायचं. पहिल्याच मे महिन्यात आकडे जुळेनात. दोन दिवस नळी बदल, पंप खोल, असं चाललं. शेवटी थर्मामीटर बुडवला तेव्हा कळलं. हे मिश्रण २० अंशांना रक्ताइतकं, साधारण ३.७ सेंटिपॉइज घट्ट असतं. ४० अंशांना ते २ च्या आसपास येतं. कूलर बंद पडलेल्या खोलीत नागपूरच्या मे महिन्यानं आमचं रक्त पातळ करून टाकलं होतं. थर्मामीटर आजही त्याच टाकीत लटकतो. या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी सांगतो, महागडं वर्कस्टेशन नंतर घ्या, आधी चांगला थर्मामीटर आणि सिलिंडर घ्या.

मधली वर्षं नीट गेली. २०१८ चं मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे.

निम्म्याहून जास्त काम एका मोठ्या दवाखान्याचं होतं, ही आमची पहिली चूक. एकाच ग्राहकावर अर्धं घर कधी चालवू नये. तिथे बाहेरगावची एक कंपनी आली. दर आमच्या निम्मा, रिपोर्ट त्याच दिवशी, आणि प्रत्येक पेशंटला इनलेटवर, म्हणजे धमनीच्या तोंडाशी, तोच पुस्तकी प्रवाह. दवाखान्यानं एकच केस दोघांना दिली. अरुंद जागेवरचा वेग आमचा आला सेकंदाला २४० सेंटिमीटर, त्यांचा १८०. फरक साधा नव्हता. डॉपलरच्या हिशेबात १२५ च्या वर ५० टक्के ब्लॉकेज आणि २३० च्या वर ७० टक्के धरतात. ऑपरेशनचा विचार त्या रेषेवर फिरतो. बैठकीत सगळ्यांसमोर सांगण्यात आलं की तुमचा सॉल्व्हर चुकतो.

चार रात्री मलाही तसंच वाटलं. मेश (हिशेबाची जाळी) दुप्पट बारीक केला, टाइम स्टेप (हिशेबातला वेळेचा टप्पा) अर्धी केली. आकडा जागचा हलेना. मग रिपोर्टात टाइप होऊन आलेला आकडा सोडून भागीदारानं डॉपलरची मूळ फ्रेम, म्हणजे तपासणीच्या वेळचं स्क्रीनवरचं चित्र, मागवली. कोनाचा कर्सर, म्हणजे ध्वनिलहर आणि रक्ताचा प्रवाह यांतला कोन मशीनला सांगणारी रेघ, ७० अंशांवर होता! कोन ६० च्या आत ठेवायचा, हे या कामातलं पहिलं शिक्षण. ४५ अंशांवर कर्सर पाच अंश चुकला तर वेगात आठ-नऊ टक्के फरक पडतो, ७० वर जवळपास चोवीस. दवाखान्यानं पाठवलेलं माप चुकीचं होतं, आम्ही ते इमानानं आत सोडलं होतं. रामदासपेठेतल्या आमच्या डॉक्टरसाहेबांच्या आग्रहावरून पेशंटची डॉपलर परत झाली, या वेळी ५८ अंशांवर. आकडा आला १९५.

म्हणजे पुस्तकी प्रवाह वापरणाऱ्यांचा आकडा खऱ्याच्या जवळ पडला, तोही योगायोगानं. दवाखान्यानं तेवढंच पाहिलं. काम गेलं, आधीची बिलंही चार महिने अडकली. भागीदाराला घर होतं, लहान मुलगी होती. तो पुण्याला नोकरीवर गेला. त्याला मी कधी बोल लावला नाही. बायकोचे पाटल्या-गोठ गहाण पडले. डॉक्टरसाहेबांनी सहा महिन्यांचं बिल आगाऊ पाठवलं, सोबत चिठ्ठी: "टेबल विकू नका."

विकलं नाही. पण नियम केला: कोनाचा कर्सर दिसत असलेली फ्रेम नसेल तर केस घेत नाही, मग पाठवणारा कितीही मोठा असो.

२०२२ मध्ये तोच दवाखाना परत आला. आज त्यांच्या केसेस येतात, फ्रेमसकट येतात, बिलंही वेळेवर निघतात. पण त्या बैठकीत जे बसले होते, त्यांच्यापैकी एकानंही आजवर म्हटलेलं नाही की माप दवाखान्याचं चुकलं होतं.