गंजलेली मॉरिस ऑक्सफर्ड घेऊ का?

गाडी जितकी जुनी, तितकी तिची तपासणी कमी. इंग्लंडचा हा नियम कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. नवी गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी एमओटी नावाची चाचणी द्यावी लागते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, खालचा पत्रा, सगळं बघतात. पण गाडीने चाळिशी ओलांडली आणि गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठे फेरफार झालेले नसले, की चाचणीतून सूट. रोड टॅक्सही माफ. चाचणीतली ही चाळीस वर्षांची सूट मे २०१८ पासूनची आहे. १९६० पूर्वीच्या गाड्यांना तर ती नोव्हेंबर २०१२ पासूनच मिळते.

मला हे माहीत असायचं कारण, मी एक मॉरिस ऑक्सफर्ड घेण्याच्या विचारात आहे. सीरिज थ्री, १९५७ ची, आणि गंजलेली.

आपल्याकडची कथा तुम्हाला माहीत आहेच. गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओच्या फेऱ्या, फिटनेस, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचा नियम आला, त्यात पन्नास वर्षांची अट, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, आणि एवढं करून ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या. इथे मात्र माझे शेजारी साठ वर्षांची गाडी घेऊन खुशाल बाजारहाट करून येतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला हेवा वाटला आणि रागही आला. जुनी वस्तू जपणाऱ्या माणसावर सरकारने एवढा विश्वास टाकावा, हे मला फार मोठं वाटतं. पण त्याच वेळी असंही वाटतं की आपल्याकडे गाडी म्हातारी झाली म्हणून तिच्याकडे निदान कुणीतरी बघतं. गंजाला वय झालं म्हणून सूट मिळत नाही.

ऑक्सफर्ड सीरिज थ्री म्हणजे आपली अँबॅसॅडर. वेगळं वर्णन करायची गरजच नाही. १९५६ साली ती ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि तीनेक वर्षांत तिथे बंदही झाली. आपण तीच गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनवली. इथले लोक हे ऐकून हसतात, जणू आपल्याला दुसरं काही जमलं नाही म्हणून आपण ते करत राहिलो. मला ते हसणं आवडत नाही. ज्या रस्त्यांवर ती चालली, जेवढी माणसं आणि सामान घेऊन चालली, आणि ज्या गावातल्या कुठल्याही मेकॅनिकने ती दुरुस्त केली, ते या लोकांनी पाहिलेलं नाही. आमचे आप्पा साखर कारखान्याच्या चेअरमनची अँबॅसॅडर चालवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांचा फ्लोअर मी कधी सडलेला पाहिला नाही.

अर्थात त्याला कारण आहे. कोकण सोडलं तर आपल्या रस्त्यांवर मीठ नसतं. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर खनिज मीठ पसरतात. मीठमिश्रित पाणी सहज गोठत नाही, लवकर वाळत नाही, आणि त्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे लोखंड गंजण्याचा वेग वाढतो. हे पाणी चाकांनी उडून गाडीच्या खाली जातं आणि पेटीसारख्या बंद पत्र्यांमध्ये साचतं. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतं. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतील तर मधला गंज फुगून जोडच उचकटतो. दाराच्या चौकटीला वाळवी लागावी तसं हे आतून चालतं. वरून रंग चकचकीत असतो.

आता त्या एमओटीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथल्या व्यवस्थेतलं मला सर्वांत आवडलेलं काही असेल तर ते हेच. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की २००५ पासूनचा तिचा चाचणीचा इतिहास समोर येतो. फुकट, आणि कुणालाही. किती मैल चालली, कुठल्या वर्षी नापास झाली, कशामुळे झाली, आणि पास झाली तरी तपासणाऱ्याने काय शेरा मारला. हा शेरा वाचायला शिकलं पाहिजे. एखाद्या वर्षी ‘गंज आहे, अजून कमकुवत नाही’, दोन वर्षांनी त्याच जागी ‘गंजून कमकुवत’, मग नापास, मग आठवड्याभरात पास. तो आठवडा कसा गेला असेल हे कळतं: घाईघाईने पत्र्याचा तुकडा मारला. मालकाने काही सांगायच्या आत गाडी स्वतःच बोलते. आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलं की ‘साहेब, एकदम कडक गाडी आहे, फक्त चालवत न्या’ यापलीकडे हाताला काय लागतं? हे वाक्य ऐकत मोठी झालेली मी, त्या संकेतस्थळावर रात्री उशिरापर्यंत अनोळखी गाड्यांचे इतिहास वाचत बसले होते.

माझ्या ऑक्सफर्डचा इतिहास मात्र २०१२ मध्ये थांबतो. शेवटचा शेरा दाराखालच्या सिलच्या गंजाबद्दल आहे, आणि त्यानंतर काहीच नाही. सूट मिळाली, नोंद बंद. एका सिलचा गंज नोंदवला गेला आणि पुढे इतकी वर्षं तो किती वाढला हे सांगणारं कुणी नाही. म्हणून नियमाचं मला एवढं लागून राहिलं आहे. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची असतेच, धोकादायक गाडी चालवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन दंडगुणही लागतात. पण ते गाडी पकडली गेल्यावरचं. विकत घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

गाडी वूस्टरशरमधल्या एका गावात आहे. मालक वयस्क गृहस्थ. त्यांनी मला जमिनीवर अंथरायला सतरंजी दिली, टॉर्च दिला, आणि स्वतःहून स्क्रूड्रायव्हर हातात देऊन म्हणाले, शंका येईल तिथे टोचून बघा. स्वतःची गाडी परक्या बाईला टोचायला देणारा विकणारा मी आजवर पाहिला नव्हता.

आप्पांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, ‘रंगाकडे बघू नकोस, बाई. खाली झोप.’ मी झोपले. सिलवर लोहचुंबक धरला तर दोन्ही बाजूंना तो चिकटेना, म्हणजे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली. स्क्रूड्रायव्हर एका ठिकाणी सरळ आत गेला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर पत्र्यावर जिथे बसतात तिथे पापुद्रे सुटत होते, पण टोचल्यावर आत घट्ट लोखंड लागलं. दार उघडून खालून उचललं तर बिजागरी जराशी हलली. मग मालकांच्या जॅकवर गाडी थोडी वर घेतली आणि दाराच्या फटीकडे बघत राहिले. फट बदलली नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार उचलते. ती सडून वाकायला लागली की दाराची फट आधी बोलते.

सगळ्यात जास्त वेळ मी क्रॉस मेंबरखाली घालवला. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, लांबट असतात आणि त्यांची मागची टोकं याच आडव्या पत्र्यात अडकवलेली असतात. पुढच्या चाकांचा सगळा पीळ तिथे येतो. सिल नवा बनवता येतो, पत्रा वाकवायचं यंत्र असलेला कुणीही कारागीर तो बनवेल. क्रॉस मेंबर सडलेला असला तर गाडीचा आकारच गेला, आणि मी त्याच क्षणी आभार मानून परत आले असते. इंचाइंचाला टोचलं. आवाज भरीव आला, गंज वरवरचा होता.

नवऱ्याचं म्हणणं, वेल्डिंगचे तास मोजलेस तर गाडीच्या किमतीहून खर्च जास्त होईल. बरोबर आहे. पण नवी गाडीही दरवर्षी किंमत घालवतेच, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. हिला रोड टॅक्स नाही, लंडनला नेली तर यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा, भार नाही. आणि मुलांनी आजोबांच्या गाडीत बसावं असं मला वाटत असेल तर ती गाडी उत्तरपाड्याचीच पाहिजे असं नाही, काउलीचीही चालेल.

मालकांना होकार कळवला आहे. किंमत त्यांनी गंज बघून स्वतःच कमी केली. दोन्ही सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आतून आडवे बार वेल्ड करून घ्यायचे आहेत, नाहीतर कापताना बॉडी खचते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवू देणार नाही. सडलेलं सगळं कापून, सलग वेल्ड मारून, आतून मेणाचा थर द्यायचा. मागे कुणीतरी फासलेल्या डांबरी अंडरसीलखाली पाणी कोंडलेलं आहे, तेही खरवडून काढायचं. हे सगळं मीठ पडायला लागायच्या आत. कायद्याने सूट असली तरी काम झाल्यावर मी तिची एमओटी करून घेणार आहे, फी फार तर ५४.८५ पौंड. तोपर्यंत ती ट्रेलरवरच हलेल.