जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना

अठरा वर्षे अकूस्टिक गिटार वाजवल्यानंतर गेल्या पावसाळ्यात मला इलेक्ट्रिक गिटार घ्यावीशी वाटू लागली, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो पत्नीचा: "आहे ती महिन्यातून किती वेळा हातात घेतोस?" उत्तर अडचणीचे असल्यामुळे मी खर्चाची मर्यादा आपण होऊन दहा हजारांवर आणली आणि नवी गिटार तिथेच बाद झाली. पुण्यातल्या दुकानांत मला दाखवलेल्या बऱ्यापैकी नव्या गिटारी सोळा हजारांच्या पुढे होत्या. शिवाय इलेक्ट्रिक गिटार एकटी घरी येत नाही; तिचे अंग भरीव लाकडाचे असल्यामुळे आवाज मोठा करणारा ॲम्प आणि केबल नसेल, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. जुना लहान ॲम्प आणि केबल यांसाठी साडेतीन हजार बाजूला काढल्यावर गिटारीसाठी उरले साडेसहा हजार.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत मी दोन आठवडे स्क्वायर, यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जिओ आणि कोर्ट ही गिटारींची नावे शोधत राहिलो. "थोडी रक्कम आधी पाठवा, म्हणजे राखून ठेवतो" असे सांगणारे विक्रेते मी तिथल्या तिथे सोडून दिले. शेवटी प्रत्यक्ष पाहण्याजोग्या दोनच गिटारी उरल्या.

पहिली सिंहगड रस्त्यावर एका विद्यार्थ्याच्या खोलीत होती. फेंडरने 1954 साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, काळीभोर, नुकतीच पुसून ठेवलेली आणि किंमत सहा हजार. तिच्या देखणेपणाला मी जवळजवळ भुललोच होतो. पण बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावीपाशी, तार तीन मिलिमीटरहून वर होती, जिथे दीड ते दोन मिलिमीटर पुरतात, आणि वरच्या फ्रेटवर बोट दाबताना ते जाणवत होते. तारा उंच असण्याचे कारण, बुडाशी त्या जिथे टेकतात त्या ब्रिजमध्ये असेल तर दोन मिनिटांत सुटते; नेक, म्हणजे ती मान, वाकल्यामुळे असेल तर गोष्ट निराळी. म्हणून मी जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली. अशी ताणलेली तार पट्टीचे काम करते, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट असली, तर नेक ठीक समजायचा. इथे त्या फटीत चार कार्डे सहज गेली असती.

नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते आणि तिचा नट फिरवून असा बाक कमी करता येतो, म्हणून मी खिशातून ॲलन की काढली. त्या मुलाच्या परवानगीने ती नटमध्ये घातली, तर ती नुसतीच गरगर फिरली. आधी कोणीतरी जोर लावून आतले षट्कोनी कोपरे घासून गोल करून टाकले होते. "काका, ते कशाला बघता? आवाज बघा ना," तो म्हणाला. आवाज खरोखर चांगला होता. पण आवाजाचे भाग बदलता येतात, आणि तो नट काढण्याच्या खटपटीत नेकच गेला असता तर दुरुस्तीची रक्कम गिटारीच्या किमतीच्या घरात पोहोचली असती. मी त्याचे आभार मानून निघालो, आणि परतीच्या बसमध्ये तासभर त्या काळ्या रंगाची हळहळ करत राहिलो.

दुसरी गिटार सदाशिव पेठेत होती. मुलगा शिकायला जर्मनीला गेलेला, गिटार तीन वर्षे माळ्यावर आणि व्यवहार बघणार त्याची आई. तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या, आणि गंजलेल्या तारांवर स्वर तपासण्यात अर्थ नसतो, कारण खोट तारेची की गिटारीची हे कळत नाही. मी साडेचारशे रुपयांचा नवा संच सोबत नेला होता. "अहो, नाही घेतलीत तर तारा फुकट जातील तुमच्या," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तेवढा धोका मला मान्य होता.

नेक सरळ होता आणि ट्रस रॉडचा नट दोन्ही बाजूंना हलत होता, त्यामुळे पुढचे सगळे मी निवांतपणे पाहिले. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेला हलका स्वर, म्हणजे हार्मोनिक, ट्यूनरवर जुळवला. पाच तारा जुळल्या, सहावीचे सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तिचा टेकू, किंचित मागे घ्यावे लागले. मग बावीस फ्रेट आणि सहा तारा, म्हणजे 132 जागा, एकेक करून वाजवल्या. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा पडल्या होत्या, पण तार कुठे अडखळत नव्हती. सोबत नेलेल्या छोट्या ॲम्पला जोडल्यावर मात्र तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपांपैकी मधला गप्प. पिकअप निवडायचा स्विच आठ-दहा वेळा इकडून तिकडे केल्यावर तो खरखरत बोलू लागला, म्हणजे पिकअप जिवंत होता आणि स्विचवर थर साचला होता. केबल खुपसायचा जॅकही सैल होता. ॲम्पमधून गुणगुण येत होती, ती तारांना हात लावताच कमी झाली, यावरून अर्थिंगची वायर शाबूत असल्याचे कळले. (अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, म्हणून या गुणगुणीला तिथे साठ सायकलचा हम म्हणतात; आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे आपली गुणगुण जरा खर्जातली, खालच्या जी स्वराला जवळजवळ मिळणारी.)

व्हिडिओ कॉलवर मुलाने सात हजार सांगितले. मी घासाघीस न करता काय काय निघाले ते क्रमाने सांगितले आणि फ्रेट घासून सारखे करायला कारागीर अडीच हजार मागतो हेही सांगितले. तो म्हणाला, "साडेपाचला न्या, पण वाजवा हं." मी एक रात्र मागून घेतली. हिशेब सोपा होता: साडेपाच हजार, तारा, आणि स्विचसाठी तीनशेचा कॉन्टॅक्ट क्लिनर मिळून 6,250. जॅकचे सोल्डरिंग मला घरी जमणार होते. फ्रेटचे काम मर्यादेबाहेर जात होते, परंतु ते आज करणे भाग नव्हते, आणि नंतर केले तरी एकूण खर्च नव्या गिटारीच्या बराच खाली राहत होता. रात्र मागितली ती खरे तर पत्नीच्या प्रश्नासाठी. त्याचे उत्तर मला रात्रीतूनही मिळाले नाही. सकाळी मी पैसे घेऊन गेलो.

तपासताना एक गोष्ट मात्र माझ्याकडून सुटली होती. ब्रिजमध्ये बसवायचा, स्वर हलवायला वापरतात तो ट्रेमोलोचा दांडा पिशवीत नव्हता, आणि त्याच्या आट्यांचे माप गिटारीगणिक बदलत असल्यामुळे बाजारातून अंदाजाने आणूनही बसेल याचा भरवसा नव्हता. मी त्या बाईंना फोन केला. "वाकडा लोखंडी दांडा ना?" त्या म्हणाल्या. "तो मी स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कडीत अडकवलाय. थांबा, पावसाळा संपू दे, मग न्या."