स्वयंचलित गोठ्यांचा दौरा : माझा अनुभव

माझ्याकडे 35 दुभत्या गायी आहेत आणि गेल्या वर्षी त्यांतील बऱ्याच गायींचा माज, म्हणजे गर्भधारणेस तयार असण्याचा काळ, माझ्या नजरेतून सुटला. गायीचे माजचक्र साधारण 21 दिवसांचे असते, प्रत्यक्ष माज मात्र 12 ते 18 तासच टिकतो. तो रात्री येऊन सकाळपर्यंत ओसरला की पुढच्या संधीसाठी तीन आठवडे थांबावे लागते आणि भाकडकाळ, म्हणजे दूध न देण्याचा काळ, तेवढा लांबतो. त्यामुळे माज ओळखणाऱ्या आणि दूध काढणाऱ्या यंत्रांमध्ये पैसे गुंतवण्याआधी, ती रोज वापरणाऱ्यांचे गोठे पाहायचे मी ठरवले आणि दोन महिन्यांत तीन गोठे पाहिले.

एकाच दिवशी दोन गोठे उरकण्याचा माझा बेत पहिल्या दूरध्वनीतच बारगळला. आदल्या दोन दिवसांत मी दुसऱ्या कोणाच्या जनावरांजवळ गेलो होतो का, माझ्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत झाली होती का, असे पहिल्या गोठ्याच्या मालकांनी आधी विचारले आणि मगच तारीख दिली. हा रोग कपडे, पादत्राणे आणि गाडीची चाके यांवरूनही पसरतो, तेव्हा त्यांची काळजी मला मनापासून पटली. दारात बूट घासून धुतल्यानंतरच जंतुनाशकात बुडवायला सांगितले, कारण शेण चिकटलेल्या बुटावर जंतुनाशकाचा परिणाम नीट होत नाही. माझ्याकडे मी आजवर नुसतेच बूट बुडवून घेत होतो.

त्या पहिल्या गोठ्यात दूध काढणारा यंत्रमानव होता. गाय खुराकाच्या ओढीने स्वतःहून आत येते, गळ्यातील पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखते आणि मागच्या धारेला पुरेसा वेळ झाला नसेल, तर खुराक न देता पुढचे दार उघडते. वेळ झाली असेल, तर ब्रश सड स्वच्छ करतात आणि त्या चोळण्यानेच ती पान्हाही सोडते. मग कॅमेरा व लेझर यांच्या साहाय्याने यांत्रिक हात चारही सड शोधून पेले लावतो. ज्या सडाचे दूध संपते, तेवढाच पेला सुटतो. आपल्या नेहमीच्या यंत्रात चारही पेले एकदम निघतात आणि लवकर रिकामा झालेला सड विनाकारण ओढला जातो, हे आठवून मी त्या एका गोष्टीकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. कासदाह (कासेची सूज) झाला की दुधातील सोडियम आणि क्लोराइड वाढते, त्यामुळे दुधाची विद्युतवाहकता वाढते; यंत्र ती प्रत्येक सडाची वेगळी मोजते. तरीही मालक केवळ त्या आकड्यावर औषध सुरू करत नाहीत. ते त्या सडाच्या पहिल्या धारा काळ्या पेल्यात घेऊन गाठी दिसतात का ते पाहतात.

असे एक यंत्र साधारण 60 गायींना पुरते. माझ्या 35 गायींसाठी ते घेणे योग्य ठरणार नाही, हे मला तेथेच समजले.

दुसऱ्या गोठ्यात फक्त पट्टे होते, आणि मला सर्वाधिक शिकायला मिळाले ते येथेच. पट्ट्यातील संवेदक गायीची हालचाल आणि रवंथ यांची नोंद ठेवतो. निरोगी गाय दिवसाचे सात ते आठ तास रवंथ करते आणि आजाराची चाहूल अनेकदा दूध घटण्याआधी रवंथात लागते. सकाळी संगणकावर नऊ गायींची यादी आली. गोठ्याचे काम पाहणाऱ्या ताईंनी ती कागदावर उतरवून घेतली आणि प्रत्येक गायीजवळ जाऊन गव्हाण, शेण आणि चाल पाहिली. नऊपैकी सहा गायींना काहीच झालेले नव्हते. नववी गाय व्यायल्याला दहा दिवस झाले होते. डोळ्यांना ती ठीक दिसत होती, पण रवंथ निम्म्यावर आले होते. पशुवैद्यांनी रक्त तपासले, तर कीटोनचे (शरीरातील चरबी वापरली जाताना तयार होणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण प्रतिलिटर 1.2 मिलिमोल या मर्यादेच्या वर निघाले, म्हणजे कितनबाधेची, रक्तात कीटोन वाढण्याच्या आजाराची, सुरुवात झाली होती. ताई म्हणाल्या, “सहा फेऱ्या फुकट गेल्या तरी चालतील, ही एक सुटता कामा नये.”

तिसऱ्या गोठ्यात यंत्रे सर्वांत अधिक होती आणि तेथून मी अस्वस्थ होऊन बाहेर पडलो. संगणक सांभाळणारा माणूस काम सोडून गेला होता आणि न वाचलेल्या सूचना साचत चालल्या होत्या. धारेची वेळ उलटून गेलेल्या गायींच्या यादीत रोज तीच नावे येत होती. खूर दुखत असल्याने त्या यंत्रापर्यंत चालत जायला तयार नव्हत्या. त्यांना हाकून आत नेले जात होते, खूर मात्र कोणी उचलून पाहिले नव्हते. त्या जनावरांचे हाल टाळता येण्यासारखे होते. हा गोठा पाहिला नसता, तर मी विक्रेत्याला यंत्राची क्षमता विचारली असती, परंतु रोजची यादी घरात कोण वाचणार, हे ठरवायचे राहून गेले असते.

आम्ही पट्टे घेतले. त्याआधी पंधरा दिवस आम्ही उभयतांनी बसून प्रत्येक गायीच्या वेताची, कृत्रिम रेतनाची आणि उलटल्याची (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्याची) तारीख जुन्या वहीतून नीट उतरवून काढली, कारण चुकीच्या तारखांवर आधारलेली सूचना चुकीचीच येणार. यादी वाचण्याचे काम पत्नीकडे आणि गायीजवळ जाऊन पाहण्याचे माझ्याकडे आले. दुसऱ्याच आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास एका गायीची हालचाल वाढल्याची, म्हणजे ती माजावर आली असावी अशी, सूचना आली. मुक्या माजाची (माजाची लक्षणे बाहेर न दाखवणारी) म्हणून आम्ही जिच्याविषयी आशा सोडत आलो होतो, तीच ही गाय. बॅटरी घेऊन गेलो, तेव्हा ती शांत उभी होती, पण शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लोंबत होता. दुपारी रेतन केले. आता ती पाच महिन्यांची गाभण आहे.