पट्टी मागितली तर काटाच उघडतोय

मामांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. त्यांच्यासाठी मी पायथनमध्ये दोन छोटे प्रोग्राम लिहिले. ‘काटा’ इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरून पोत्याचं वजन घेतो आणि ‘पट्टी’ हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, छापतो. काट्यातलं बटण दाबलं की पट्टी उघडायची. पायइन्स्टॉलर या टूलनं दोघांच्या एक्सई, म्हणजे पायथन नसलेल्या विंडोजवरही थेट चालणाऱ्या फाइली, केल्या आणि पेनड्राइव्हवर नेऊन दिल्या. माझ्या लॅपटॉपवर पायथनमधून सगळं चालायचं. एक्सई झाल्यावर बटण दाबून बघायचं मात्र राहिलं.

सौदे चालू असतानाच मामांचा फोन. “अरं, पट्टी मागितली तर काटाच उघडतोय रं!” दिवाणजींनी पाच वेळा बटण दाबलेलं. मूळ खिडकी धरून सहा काटे, आणि नव्या पाचांत ‘ॲक्सेस डिनाइड’. बरोबरच आहे, वजनकाटा जोडलेला कॉम पोर्ट पहिल्यानं धरून ठेवलेला. मी मिरजेहून गाडी काढली.

चूक माझीच होती. पट्टी उघडायला मी लिहिलं होतं, ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’नं पट्टीची स्क्रिप्ट चालव. एरवी त्याचा अर्थ पायथन. पण एक्सई बांधल्यावर तिथं पायथन नसतोच, ते नाव त्या एक्सईचंच होतं. म्हणजे काटा स्वतःलाच हाक मारत होता, आणि सोबत दिलेल्या स्क्रिप्टच्या नावाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मग थेट पट्टीच्या एक्सईचा पत्ता दिला. आता काहीच होईना, साधी एररही नाही, कारण एरर दाखवणारी काळी खिडकी, म्हणजे कन्सोल, मीच बंद ठेवलेला. चालू करून पाहिलं तर फाइल सापडत नाही. वन-फाइल (सगळं एकाच फाइलीत बांधलेली) एक्सई दर वेळी टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते, आणि स्क्रिप्टचा पत्ता सांगणाऱ्या ‘फाइल’ व्हेरिएबलवरून काढलेला फोल्डर तिथलाच निघतो. फोल्डर सिस डॉट एक्झिक्युटेबलवरून काढला. जिनं घोळ घातला तीच इथं कामाला आली. पाच मिनिटांचं काम, पण चहा तीनदा झाला. (२०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद त्या कीबोर्डच्या फटीफटीत आहे. एंटर दाबताना खरखर वाजते.)

आठवड्यानं दिवाणजींनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर फक्त काटाच कॉपी केला. पट्टी कुठून उघडणार? म्हणून दोन्ही एकाच एक्सईत घातले. वेगळा आर्ग्युमेंट (उघडताना सोबत द्यायचा शब्द) दिला की तीच एक्सई पट्टी होऊन उघडते. छान चाललं, पण संध्याकाळी नवीन तक्रार: काटा बंद केला की उघड्या पट्टीतून छापताच येत नाही, पट्टीचा नमुना गायब!

यात मात्र माझा अख्खा रविवार गेला. पायइन्स्टॉलर ६.९ पासून एक्सईनं स्वतःलाच पुन्हा उघडलं, तर ती नवी प्रत मूळ प्रतीचं पोरगं मानली जाते आणि तिच्याच टेम्प फोल्डरवर जगते. काटा बंद होताना तो फोल्डर पुसून जातो. वापरात असलेल्या डीएलएल (प्रोग्रामच्या सोबतच्या कोडच्या फाइली) विंडोज पुसू देत नाही, पण न उघडलेली नमुन्याची फाइल जाते. उपाय एका ओळीचा निघाला: पट्टी उघडताना ‘पायइन्स्टॉलर_रीसेट_एन्व्हायर्नमेंट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) १ करून द्यायचं. मग ती स्वतःचा वेगळा संसार उलगडते.

आता पट्टी उघडायला वेळ लागतो म्हणून दिवाणजी पुन्हा दोनदा बटण दाबतात. येत्या शनिवारी जाऊन वन-फाइल काढून वन-डिर (आधीच उलगडलेला फोल्डर) करणार आहे, आणि पहिल्या क्लिकनंतर बटण बंद.