आतनं दाखव बघू

आमच्या आईला काहीही शिवलेलं दाखवलं की ती ते आधी उलटं करते. म्हणजे मी अख्खा रविवार घालवून, मान अवघडून, खणाची पट्टी वगैरे लावून एक पिशवी शिवायची आणि कौतुकानं तिच्यासमोर धरायची, तर ती वरनं बघतसुद्धा नाही, हात आत घालून सर्रकन उलटी करते आणि चष्मा कपाळावर चढवून शिवणी बघत बसते. "आतनं दाखव बघू." एवढंच. वरनं काय, सगळेच चांगलं शिवतात म्हणे.

आईनं पंचवीस वर्षं लोकांचं शिवलं. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. दिवाळीच्या आधी तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पायमशीन चालू असायची, त्या आवाजातच आम्ही भावंडं झोपायचो आणि तेव्हाच मी ठरवलं होतं की जन्मात मशीनला पाय लावायचा नाही. आता वय चाळीस, पतसंस्थेत नोकरी, आणि रविवारी सकाळी अख्खं कोल्हापूर मिसळ खायला बाहेर पडतं तेव्हा मी मशीनवर बसलेली. आईला हे काही केल्या झेपत नाही. "पैसे मिळत्यात का?" नाही. "कुणी सांगितलंय का?" नाही. "मग कशाला डोळं फोडून घ्यालीयस? मी सांगतो, हौस म्हणून नेसत्यात, हौस म्हणून शिवत नसत्यात." (आई जुनी कोल्हापूरची, त्यामुळं मी आलो, मी बसलो, मी सांगतो. पुण्याच्या पाहुण्यांना अजून गंमत वाटते, आम्हाला कळतही नाही.)

मशीन तिचीच आहे, काळी, सोनेरी नक्षीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती पाण्यात होती. माहेर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला, आणि कोल्हापुरातल्या पोरांना पंचगंगेची ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका ही पातळी पाढ्यासारखी पाठ असते, पण त्या वर्षी पाणी त्याच्याही किती वर गेलं ते सगळ्यांना माहितीये. आम्ही आईला बाहेर काढलं, कागदपत्रं काढली, मशीन राहिली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघ्याएवढा चिखल, फ्रीज आडवा पडलेला, आणि ही बाई आधी मशीनकडं गेली. तोंडातनं शब्द नाही. बॉबिन केसमधनं, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीतनं, गाळ निघाला, कापड पुढं सरकवणाऱ्या फीड डॉगच्या दातात गाळ, वरची लाकडी फळी फुगून फाटलेली. मिस्त्रीनं सगळं खोललं, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, घासलं, तेल घातलं, शटल नवीन टाकलं, चामड्याचा पट्टा नवीन. आणि चालली की मशीन! ओतीव लोखंड ते, टीव्ही-फ्रीज गेले पण ही राहिली. फक्त आईच्या गुडघ्यांनी तोवर जवाब दिला होता. म्हणाली घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल. मी घेऊन आले आणि सात-आठ महिने त्यावर कुंड्या ठेवल्या, खोटं कशाला बोलू.

मग २०२० चा लॉकडाऊन आला आणि सगळ्यांसारखे मीही मास्क शिवले. तीन चुण्या, दोन नाड्या, चौकोनी काम. तिथंच लागली सवय.

पहिले दोन महिने मी शिवत नव्हतेच, मी गुंता सोडवत होते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं व्हायचं आणि मी बॉबिनला शिव्या द्यायची, बॉबिन परत भर, केसचा स्क्रू फिरव, परत तेच. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली खाली गुंता झाला तर वरचा दोरा बघ. म्हणजे काय तर मी फूट (सुईखाली कापड दाबून धरतो तो पाय) खाली टाकून दोरा ओवत होते आणि फूट खाली असताना वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामधे जातच नाही, वरच्यावर राहतो, मग वरनं ताण नाही म्हणून खाली ढीग. फूट वर उचलून दोरा ओवायचा. एवढीच गोष्ट. दोन महिने!

शिवायला सुरुवात पिशव्यांपासून करावी असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पिशवीला मुंढा (बाही जोडायची गोलाई) नसतो, गळा नसतो, ती जाड होत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कापडी पिशवी प्रत्येकालाच लागते, त्यामुळं वाटायलाही बरं, ज्याला द्याल तो घेतो. मी सतरा-अठरा पिशव्या शिवल्या आणि वाटल्या. खणाच्या काठाच्या, जुन्या जीन्सच्या, इरकलीच्या पदराच्या. ऑफिसात तर सगळ्यांकडं माझी पिशवी. एक पांढरी होती ती बहिणीनं चैत्रात जोतिबाला नेली आणि गुलालानं अशी गुलाबी झाली की आता कितीही धुवा तिचं चांगभलं गेलेलं नाही.

पहिला दणका लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात. दोन किलो कांदे, बटाटे, वर एक भोपळा, आणि पिशवीचा बंद तुटला. तुटला म्हणजे बंद शाबूत, दोरा शाबूत, पण कापड फाटलं, अगदी शिलाईच्या रेषेवर, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं सरळ. कांदे गटारीकडं, मी कांद्यांमागं. घरी येऊन बघितलं तर मी मजबूत व्हावं म्हणून टाका बारीकात बारीक ठेवला होता, आणि तिथंच चुकलं, बारीक टाका म्हणजे जास्त भोकं, भोकंच भोकं एका ओळीत, वजन आलं की कापड तिथंच सोडतं. जाड कापडाला टाका मोठा ठेवायचा आणि बंद एका रेषेवर लटकवायचा नाही, दीड-दोन इंच खाली न्यायचा, चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची म्हणजे वजन सगळीकडं वाटलं जातं. आतल्या बाजूनं त्या जागी कापडाचा एक तुकडाही लावायचा. आणि सुई. मी सगळ्याला १४ नंबरची सुई वापरत होते, जीन्सच्या चार पदरावर ती टाके सोडते नाहीतर मोडते, तिथं १६ नाहीतर १८ लागते. सुईची किंमत ती काय, पण मी एकेक सुई सहा-सहा महिने वापरायची, बोथट झालेली कळायचीच नाही, कापडावर टकटक आवाज यायला लागला की बदलावी.

तर दळणाची पिशवी.

माझ्या सतरा पिशव्या आईनं आतनं बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. एक दिवस म्हणाली, एवढं शिवालीयस तर मला दळणाची एक शिवून दे. आई अजून गिरणीत पिशवी नेते, डबा नाही. गिरणीतनं पीठ गरम येतं, डब्यात लगेच झाकण लावलं की वाफ धरतं, कापडात ते वारं खातं, असं तिचं म्हणणं. पाच किलो ज्वारी मावेल अशी. मला वाटलं हे तर डाव्या हाताचं काम.

छान केली होती हो. पांढरं पॉपलिन, वर दोन इंच खणाची पट्टी, तळाला चौकोनी कोपरे काढलेले म्हणजे पिशवी उभी राहते. आईनं उलटी केली. गप्प. मग म्हणाली बरी आहे, बघू.

दोन दिवसांनी फोन. भाकरीत दोरा निघाला.

झालं असं की आत मी नुसती झिगझॅग मारली होती कडेला. बाजाराच्या पिशवीला ते चालतं, कांद्याला काय कळतंय. पण गिरणीतलं पीठ आत आपटतं, पिशवी झटकतात, उलटी करून झटकतात, त्यात कडेचे दोरे सुटले ते पिठात. दुसरं, शिवणीतनं पीठ गळालं, गिरणीपासून घरापर्यंत आईच्या साडीवर पांढरी रेघ. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते माझे लाडके चौकोनी कोपरे, त्यांच्या आत जो त्रिकोण उरतो त्यात पीठ अडकून बसलं, आणि पावसाळ्याचे दिवस, आठवड्यात किडे. "दळणाच्या पिशवीला कोपरा ठेवतं होय कोण?" आता हे कुठल्या यूट्यूब चॅनेलवर सांगत नाहीत, मी शोधलं.

मग तिनं स्वतः सांगितलं कसं करायचं. फोनवर नाही, बसून, माझ्या शेजारी खुर्ची टाकून. आधी कापड. माझं पॉपलिन तिनं मुठीत चुरगाळलं आणि चोळलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. "खळ आहे नुसती. धुतल्यावर चाळण होतीया." तिचे वडील म्हणजे माझे आजोबा शाहू मिलमध्ये होते, शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली ती मिल, त्यामुळं कापड कुणी नुसतं डोळ्यांनी घेतलं की आईला राग येतो. ती हातानं बघते, उजेडाला धरते, एक दोरा ओढते. मग आम्ही इचलकरंजीहून आणलेला कटपीस काढला, घट्ट विणीचा, तो रात्रभर पाण्यात भिजवला कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आधी शिवलं की नंतर पिशवी वाकडी. जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस, कापड वाळायला तीन दिवस लागले, शेवटी इस्त्रीनं वाळवलं.

आणि शिवण. फ्रेंच शिवण म्हणतात तिला, आई नुसतं "दोनदा शिवायचं" म्हणते. नेहमी आपण कापडाच्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवतो, इथं उलट्या ठेवायच्या. पाव इंचावर पहिली शिलाई. मग कडा कातरून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ठेवायची. ही पायरी मी घाईत गाळली आणि नंतर त्याच कडेचे दोरे दुसऱ्या शिलाईतनं मिशांसारखे बाहेर आले, सगळं उसवलं. कातरलं की पिशवी उलटी करायची, शिवण बोटांनी चोळून, इस्त्री मारून अगदी कडेला आणायची आणि आतनं पाव इंचाहून किंचित जास्त अंतरावर दुसरी शिलाई. कापलेली कड दोन शिलायांच्या मधे कायमची बंद. तळ सरळ नाही, गोल घ्यायचा, वाटी ठेवून खडूनं आखून. गोलाईवर ती दुसरी शिलाई घालताना घाम निघतो, कापड चुण्या धरतं, तिथं मशीन हातचाकानं एकेक टाका चालवावी लागते. मी दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा उसवायला घेतलं तर आई म्हणाली राहू दे, पीठ काय बघायला येत नाही.

हे तीच म्हणाली! मला क्षणभर खरंच वाटेना.

ती शिवण हातात बसल्यावर मी आधी बिघडवून ठेवलेल्या एका कुर्त्याकडं परत गेले. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते कारण अजून सल आहे. पावणेतीन मीटर मऊ कॉटन, ४४ इंच पन्हा, महाद्वार रोडवर अर्धा तास घासाघीस करून घेतलेलं, आणि मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून दोन बाह्या एकमेकींच्या आरशातल्या पाहिजेत, कापड दुमडून एकदम कापलं की आपोआप होतं, मी कापड वाचवायला सुटी सुटी कापली आणि पॅटर्न उलटायचं विसरले. घातला तर एक खांदा पुढं ओढतोय. आता तो बिनबाह्यांचा कुर्ता आहे, मुंढ्याला उरेबी (तिरक्या कापलेल्या) पट्टीचा गोट लावलाय, आणि वाया गेलेल्या बाह्यांचे दोन खिसे झालेत. बाजारात बायकांच्या कुर्त्याला खिसा म्हणजे मोबाइल अर्धा बाहेर, माझ्यात कोपरापर्यंत हात जातो. कडा सगळ्या फ्रेंच शिवणीच्या. ऑफिसात घालून गेले तर एक मैत्रीण म्हणाली कुठनं घेतलास, मी तिला कोपऱ्यात नेऊन आतली बाजू दाखवली, ती बिचारी म्हणाली हो गं छान आहे. तिला काय कळणार.

पिशवीचं राहिलं. आई ती घेऊन गिरणीत गेली. मी दिवसभर ऑफिसात फोनकडं बघत. संध्याकाळी तिच्याकडं गेले तर पिशवी दोरीवर वाळत होती, उलटी. दोरा नाही, गळती नाही, तळाला पिठाचा कण नाही, मी बोट फिरवून बघितलं. मग सुलटी केली आणि बघते तर माझ्या खणाच्या पट्टीवर, जी मी महिनाभर जपून ठेवलेली पट्टी, गिरणीवाल्या मामांनी निळ्या मार्करनं ठसठशीत आमचं आडनाव आणि खाली 'ज्वारी' लिहिलेलं. पुसणार नाही असा मार्कर.

मी काही बोलायच्या आत आई आतनं म्हणाली, "बघितलीस? आता गिरणीत हरवत न्हाई. तांदळाची पण एक शिव, ज्वारीच्या पिशवीत तांदूळ घालत नाही मी."